खळीतला गूळ

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण माझ्या वडिलांनी मागावर विणलं होतं. हे मी वर्गात सांगायची तेव्हा विद्यार्थ्यांना वाटायचं, बाई विनोद करताहेत. मला विनोद जमत नाही, हे त्यांना वर्ष संपेपर्यंत कळायचं.

आम्ही कोष्टी. नागपूरच्या कोष्टीपुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग. वडिलांनी उभी हयात त्यावर लुगडी विणली. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाला लागले तोवर, म्हणजे ऐंशीचं दशक लागता लागता, पॉवरलूमच्या कापडानं लुगड्यांचा बाजार खाऊन टाकला होता. विणकर सोसायटीकडून येणारं सूत आधी उशिरा येऊ लागलं, मग क्वचित, मग बंदच झालं. शेजारपाजारचे माग मोडून सरपणात गेले. आमचा तेवढा राहिला, पण त्यावर जाळी धरली होती. वडील ओट्यावर बसून एकच पेपर तीनदा वाचायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, सध्या आराम करून राहिलो.

मी रोज सायकल मारत अमरावती रोडवर विद्यापीठातल्या आमच्या विभागात जायची. तिथे माझं काम यीस्टवर होतं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी एकपेशीय बुरशी. तिला ग्लुकोज मिळालं की ती दुसऱ्या कशाकडे ढुंकून पाहत नाही. आपली चहातली साखर खायची तर आधी ती तोडावी लागते, आणि तोडायला एक एन्झाइम लागतं. ते एन्झाइम बनवायचं जनुक यीस्टकडे असतं, पण ग्लुकोज आहे तोवर मिटून पडलेलं असतं. ग्लुकोज संपलं की जनुक उघडतं, त्याची नक्कल उतरते, नकलेवरून एन्झाइम बनतं आणि पेशी साखरेवर ताव मारते. प्रश्न एवढाच की ग्लुकोज संपल्याची वर्दी जनुकापर्यंत नेतं कोण? पेशी काही झाकण उघडून डबा पाहत नाही.

हा प्रश्न मला आमच्या सरांनी दिला. सर शिस्तीचे, कमी बोलणारे, आणि खऱ्याखोट्याच्या बाबतीत भयंकर. यीस्टची एकेक पेशी बशीत वाढून जो ठिपका होतो त्याला वसाहत म्हणतात; एकदा मी वहीत सत्तेचाळीस वसाहतींऐवजी ‘सुमारे पन्नास’ लिहिलं, तर त्यांनी ते पान माझ्यासमोर आडवी रेघ मारून रद्द केलं आणि सगळं पुन्हा मोजायला लावलं. मी दिवसभर धुसफुसत होते. पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा माझ्याही हातून अशा बऱ्याच रेघा मारल्या गेल्या.

वर्दी नेणारा सापडायचा तर ज्या पेशीत तोच बिघडला आहे ती पेशी शोधायची, असा आमचा बेत होता. यीस्टवर अतिनील किरण सोडायचे. बहुतेक पेशी मरतात, उरलेल्यांत काहींची जनुकं बिघडतात. त्यांतून आम्हाला हवी होती ग्लुकोजवर मजेत वाढणारी, पण साखरेवर ठेवली तर उपाशी मरणारी. अशा बिघडलेल्या पेशीला आम्ही म्युटंट म्हणतो. हजारो वसाहतींतून तो निवडायला एक युक्ती आहे. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक कापड ताणायचं, त्यावर ग्लुकोजची बशी, म्हणजे ग्लुकोज घातलेल्या थिजल्या खाद्यावर वसाहती उगवलेली बशी, उलटी दाबायची, मग त्याच कापडावर साखरेची बशी दाबायची. वसाहतींचा ठसा जसाच्या तसा उतरतो. दोन दिवसांनी दोन्ही बशा शेजारी ठेवल्या की साखरेवर कोण उगवलं नाही ते लगेच दिसतं.

पुस्तकात या कामाला मखमल लिहिली होती. मी बर्डीच्या बाजारातून मखमल आणली. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं वस्तू निर्जंतुक करायचं यंत्र, त्यातून ती बाहेर काढली तेव्हा एक चिकट गोळा हाती आला. मखमल कसली, गोंदावर चिकटवलेलं नायलॉन होतं ते. घरी येऊन मी बराच वेळ दुकानदाराचा उद्धार केला. वडिलांनी पेपर बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“सुतीच पायजे ना तुले? जाड, लव असलेलं?” ते म्हणाले. “मंग बर्डीले काहून गेली?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागावरची जाळी झाडली. घरात जुनं उरलेलं सूत होतं. आईनं खळ शिजवली. मागावर ताणायच्या उभ्या सुताला ही पिठाची पेज कुंच्यानं लावतात, म्हणजे विणताना ते तुटत नाही. आठवड्याभरात वीतभर रुंदीचं कापड तयार झालं. वडिलांनी त्यावर उलटा कुंचा फिरवून फिरवून लव उभी केली आणि वीतवीतभराचे तुकडे करून दिले. कापड जाड, पांढरं, आणि एका बाजूला दोन बोटं रुंदीचा पांढराच काठ. काठ मला नको होता, पण काठाशिवाय कापड मागावरून उतरवायला त्यांचा हात तयार होईना. पुढे मला त्याचा उपयोगच झाला. काठ नेहमी उजव्या हाताला ठेवला की ठशाची दिशा चुकत नसे.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. कापड धुवायचं नाही. आमच्या जातीत नव्या कामाला कोरंच कापड लागतं. धुतलेलं म्हणजे वापरलेलं. सरांनाही ते पटलं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. साबणाचा अंश राहिला तर यीस्ट मरतं. तेव्हा दर वेळी नवा कोरा तुकडा, वाफेतून काढलेला, असा आमचा रिवाज पडला. तुकडे संपत आले की वडील पुन्हा मागावर बसायचे. आता कुणी विचारलं तर ते सांगायचे, युनिव्हर्सिटीचं काम चालू आहे.

त्या पावसाळ्यात मला तो म्युटंट सापडला. ग्लुकोजच्या बशीवर छान टपोरी वसाहत, आणि साखरेच्या बशीवर त्याच जागी काही नाही. थंडीतही तसंच. पुन्हा पुन्हा ठसे घेतले, तरी साखरेवर तो उगवला नाही. विभागात सगळे त्याला ‘उपाशी’ म्हणू लागले. मी इतकी खूश होते की सायकल चालवताना गाणी म्हणायची, आणि माझा आवाज कसा आहे ते शेजाऱ्यांना विचारा.

होळी झाली, ऊन तापू लागलं, आणि उपाशी जेवायला लागला.

आधी साखरेवर नुसती धुरकट साय दिसली. मग बारीक वसाहती. मी साखर बदलली, पाणी बदललं, बशा नव्यानं ओतल्या. साठवणीतल्या मूळ बाटलीतून म्युटंट पुन्हा काढला. तरी तेच. सरांनी दोन आठवडे पाहिलं आणि मला समोर बसवलं. ते म्हणाले, म्युटंट एक तर मूळपदावर आला, नाहीतर तो म्युटंट कधी नव्हताच. विद्यापीठ उघडायच्या आत लागोपाठ तीनदा, त्यांच्या टेबलावर, साखरेची रिकामी बशी दिसली तर काम पुढे चालेल. नाहीतर बाटली फेकायची आणि विषय बंद. माझ्या शिष्यवृत्तीचं एकच वर्ष उरलं होतं. नव्या विषयात एका वर्षात काही होणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते हळू आवाजात बोलले, म्हणून मी बशा उचलल्या आणि बाहेर आले.

नवतपा लागला, मे अखेरचे ते सगळ्यात तापते नऊ दिवस. तोंडाला ओढणी गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून मी जात येत होते. घरी कुणाशी धड बोलत नव्हते. आईनं ताट वाढलं तरी चिडायची, नाही वाढलं तरी चिडायची.

अशात एका दुपारी वडील नवं कापड उजेडात धरून पाहत होते. दारातून आलेलं ऊन कापडातून झिरपत होतं, फक्त काठाशी अडत होतं. तिथे सूत दुहेरी, म्हणून दाट. मी पाण्याचा गडू हातात घेऊन उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर बशी आली. साखरेवरच्या त्या नकोशा वसाहती बशीभर होत्या खऱ्या, पण उजव्या कडेला जास्त टपोऱ्या होत्या. दर वेळी उजव्याच. आणि त्या पट्ट्याची रुंदी दोन बोटं होती.

मी आईला विचारलं, खळीत काय घालता. ती म्हणाली, पीठ. मी म्हटलं, आणखी काय. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं, कारण ही आमच्या घराची गुप्त रीत होती, गल्लीत कुणाला सांगितलेली नव्हती.

“उन्हाळ्यात थोडासा गूळ टाकतो ना वं,” ती म्हणाली. “सूत कडकडते, तुटते. गुळानं नरम राह्यते. पावसाळ्यात नाही लागत.”

पीठ यीस्टला पचत नाही. पण गुळात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज असतंच. कोऱ्या कापडातून ते माझ्या बशीवर उतरत होतं, काठाच्या दुहेरी सुतातून दुप्पट, आणि उपाशी त्यावर गुजराण करत होता. पावसाळ्यात आणि थंडीत खरं बोलणारं कापड उन्हाळ्यात माझ्याशी खोटं बोलत होतं. खरं तर आनंदानं ओरडायला हवं होतं. पण तीन महिन्यांचा राग साठला होता, आणि तो समोर सापडलेल्या माणसावर निघाला. मी वडिलांना म्हणाले, “तुमच्या गुळानं माझी दोन वर्षं खाल्ली.”

त्यांनी हातातलं कापड घडी करून मांडीवर ठेवलं. मग आत जाऊन पडले. संध्याकाळचा चहाही घेतला नाही त्यांनी.  त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

सकाळी उठले तर मागच्या अंगणात चूल पेटलेली आणि तिच्यावर आमचं अंघोळीचं तांब्याचं घंगाळ. वडील त्यात माझे तुकडे उकळत होते. कोरं कापड कामाला लावण्याआधी त्यांनी स्वतः धुवावं, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. साबण नव्हता, नुसतं पाणी. ते पाणी फेकायचं, नवं आधण ठेवायचं, पुन्हा फेकायचं. मी शेजारी जाऊन बसले. तिसरं आधण ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “त्या पोट्ट्याले गूळ चालते, मंग साखर काहून नाही चालत?”

मी त्यांना सांगू लागले. ग्लुकोज संपल्याची वर्दी देणारा कुणीतरी पेशीत असतो आणि याच्यात तोच बिघडला आहे. म्हणून साखर समोर असूनही जनुक उघडत नाही आणि तोडायचं एन्झाइम बनत नाही. त्यांनी विचारलं, हा वर्दी देणारा कोण? मी म्हटलं, तेच शोधून राहिली बाबा, अजून कोणाले माहीत नाही. त्यावर ते म्हणाले की मग गूळ मुळातच नको, धुऊन थोडा राह्यला तर तू पुन्हा फसशील.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला काही वर्षांनी मिळालं, तेही दुसऱ्यांच्या कष्टातून. परदेशातली नियतकालिकं तेव्हा बोटीनं यायची आणि आमच्या ग्रंथालयात पोचेपर्यंत शिळी व्हायची. अशाच एका शिळ्या अंकात मी वाचलं की यीस्टमधला तो वर्दी देणारा म्हणजे एक प्रोटीन कायनेज आहे. कायनेजचं काम एकच, दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवायचं. पण त्या इवल्याशा चिकटवण्यानं प्रथिनाचं वागणं बदलतं. जनुकावर एक प्रथिन ठाण मांडून त्याची नक्कल उतरू देत नसतं. ग्लुकोज संपलं की कायनेज जागं होतं, त्या ठाण मांडणाऱ्याला फॉस्फेट चिकटवतं, आणि तो जागा सोडून केंद्रकाबाहेर जातो. हा ठाण मांडणारा कोण आणि तो जातो कुठे, हे तर आणखी उशिरा कळलं; असा कुणीतरी असावा एवढाच तेव्हा अंदाज होता. माझ्या उपाशीत नेमकं तेच कायनेज बिघडलेलं होतं का, हे ठामपणे दाखवायची साधनं आमच्याकडे नव्हती. लक्षणं सगळी तीच होती. मी तो अंक वाचला तेव्हा पहिल्यांदा वाटलं ते हे, की घरी जाऊन बाबांना सांगावं. मी सांगितलं. त्यांनी कायनेज हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, मंग तो ठाण मांडणारा पुन्हा परत कधी येते? पुन्हा ग्लुकोज मिळालं की, मी म्हटलं. बरोबर आहे, ते म्हणाले.

पण हे पुढचं. त्या नवतप्यात त्यांनी बिनगुळाच्या खळीचं कापड विणायला घेतलं. नागपूरच्या त्या कोरड्या उन्हात हे काम म्हणजे हौसेनं घेतलेली शिक्षा होती. ते पहाटेच मागावर बसायचे, खड्ड्यात पाणी शिंपडायचे, दाराला ओली चादर लावायचे. तरी सूत तटातट तुटायचं. तुटलं की आई वाकून गाठ मारायची. तिचे डोळे तेव्हा अधू व्हायला लागले होते. दोघं एकमेकांवर करवादायची, पण उठायचं नाव घेत नव्हती. मी शाईनं माखलेल्या वहीत डोकं घालून बसल्याचं नाटक करत त्यांच्याकडे पाहायची. माझ्यासाठी इतकं कुणी करतंय आणि मी ते घेतेय, याचं ओझं वाटायचं. तेव्हा ते बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

सरांना मी सगळं सांगितलं. ते हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं की गुळाचं कोरं, गुळाचं धुतलेलं आणि बिनगुळाचं, तिन्ही कापडं एकाच वेळी लावली का. नसतील तर लावा म्हणाले. मी लावली. कोऱ्या गुळाच्या कापडावर उपाशी मजेत जेवला, काठाशी जास्त. बाकी दोन्हींवर साखरेची बशी रिकामी. हे एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा बशा लावल्या तेव्हा मी वडिलांना घरी म्हणाले, परवा दुपारी निकाल आहे.

परवा दुपारी ते विभागात हजर. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, काखेत कापडी पिशवी. ते पहिल्यांदाच तिथे येत होते. मला म्हणाले, कमी पडू नये म्हणून थोडे तुकडे आणले. मी त्यांना सरांच्या खोलीत नेलं. सर खुर्चीतून उठले. त्यांनी खिडकीशी जाऊन बशी उजेडात धरली, तिरकी करून पाहिली, भिंगाखाली पाहिली. वहीत आकडा लिहिला तो शून्य. मग बशी वडिलांच्या हातात दिली.

वडिलांनी ती दोन्ही हातांनी धरली, प्रसाद धरावा तशी. बराच वेळ पाहिली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की यात तर काहीच नाही. मी म्हटलं, हेच पाहिजे होतं, बाबा. दोन वर्षांचं काम वाचलं.  मी वाकून सरांच्या पाया पडले. वडिलांच्या पडायचं मला सुचलंही नाही.

त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. त्यांनी बशी सांभाळून टेबलावर ठेवली आणि पिशवीतून तुकडे काढून शेजारी रचले. सगळ्यांची टोकं जुळवली. मग विचारलं, “आता अजून किती तुकडे लागतीन?”

मी आनंदात होते. माझ्या तोंडून निघालं, “आता पुरे, बाबा. म्युटंट सापडला, आता ठसे घ्यायचं काम संपलं.”

त्यांनी मान हलवली. रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली, मग पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. तेवढ्यात मला कळलं की मी काय बोलले. घरी मागावर विणायला दुसरं काहीच नव्हतं. पण शब्द सुटून गेले होते आणि ते खरेही होते.

“तिला अजून माहीत नाही,” सर म्हणाले. ते वहीत बघूनच बोलत होते. “पुष्कळ लागतील. काम आता कुठे सुरू होतंय. उन्हाळ्याचे वेगळे द्या, पावसाळ्याचे वेगळे. दर महिन्याला लागतील.”

हे साफ खोटं होतं. सत्तेचाळीसच्या जागी पन्नास चालवून न घेणाऱ्या माणसानं ते माझ्यादेखत, न अडखळता सांगितलं. वडिलांनी सरांना नमस्कार केला, बिनगुळाचेच देईन म्हणाले, आणि लगबगीनं निघाले, कारण ऊन उतरायच्या आत घरी जाऊन त्यांना सूत भिजत घालायचं होतं.